ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची कूलर लाइन गळू लागली तर: जुन्या ट्रकच्या मालकांसाठी

गोव्यात जुना ट्रक म्हटला की पहिल्यांदा खनिजवाहू टिपरच डोळ्यांसमोर येतो. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्यंतरी काही काळ सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. त्या काळात उसगाव, सावर्डे, डिचोली या पट्ट्यात माडांखाली आणि घराच्या अंगणात उभे राहून गंजलेले टिपर अनेकांनी पाहिले असतील. तेव्हा पाना हातात घेण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. या टिपरांचा गिअरबॉक्स बहुतेक वेळा हाताने गिअर टाकण्याचा असतो. त्यात दाट गिअर ऑईल असते, ते आतल्या आतच फिरते, आणि त्याला थंड करण्यासाठी रेडिएटरकडे नेणारी कोणतीही नळी नसते. अशा टिपरच्या पुढच्या भागाखाली लाल तेल सांडलेले दिसले तर ते गिअरबॉक्सचे नसून बहुधा पॉवर स्टिअरिंगचे असते, कारण अनेक जड वाहनांच्या स्टिअरिंगमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचेच लाल तेल वापरले जाते.

हा लेख ज्या वाहनांविषयी आहे ती म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेले जुने पिकअप ट्रक आणि ट्रकसारख्याच चासीवर बांधलेल्या मोठ्या गाड्या. जुनी एंडेव्हर, पजेरो स्पोर्ट, ऑटोमॅटिक फॉर्च्युनर किंवा व्ही-क्रॉस ज्यांच्याकडे आहे, त्यांना पुढील मजकूर थेट उपयोगी पडेल. टिपरवाल्यांना यातील गळती शोधण्याची रीत आणि स्टिअरिंगच्या परतीच्या नळीचे काम जवळजवळ जसेच्या तसे लागू पडते. मात्र पंपाकडून स्टिअरिंग बॉक्सकडे जाणाऱ्या दाबाच्या नळीला या लेखातील कोणताही उपाय करू नये. तिच्यात शंभर बारपेक्षाही अधिक दाब असू शकतो, आणि तिथे क्लिप लावून जोडलेला रबरी तुकडा उडाला तर स्टिअरिंग एकाएकी जड होते.

लाइन करते काय

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात तेलाच्या प्रवाहानेच शक्ती पुढे जाते, आणि तेल घुसळले गेल्यामुळे बहुतांश उष्णता तिथेच निर्माण होते. हे तापलेले तेल एका नळीने पुढे रेडिएटरकडे जाते, रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या छोट्या कूलरमधून किंवा त्याच्या पुढे लावलेल्या स्वतंत्र जाळीतून फिरून थंड होते आणि दुसऱ्या नळीने गिअरबॉक्समध्ये परतते. या दोन नळ्यांनाच कूलर लाइन म्हणतात. त्या साधारणपणे ८ किंवा १० मिलिमीटर जाडीच्या लोखंडी असतात, आणि इंजिन हलते पण चासी हलत नाही म्हणून मध्ये कुठेतरी रबरी होजचा तुकडा दिलेला असतो.

या लाइनमधील दाब फार नसतो, पण प्रवाह मोठा असतो. धडधाकट गिअरबॉक्समध्ये इंजिन नुसते चालू असतानाही मिनिटाला दोन-तीन लिटर तेल या नळ्यांतून फिरते. याचा अर्थ असा की थेंब-थेंब गळणारी नळी एखाद्या चढावर पूर्ण फुटली, तर काही मिनिटांत गिअरबॉक्स रिकामा होऊ शकतो. आणि तेल कमी झाले की क्लच प्लेटा घसरून जळतात. ज्या गळतीत रात्रभर फक्त रुपयाएवढा डाग पडतो, तिच्याकडे महिनाभर दुर्लक्ष करण्याचा मोह म्हणूनच आवरावा. नळीचा खर्च आणि गिअरबॉक्सचा खर्च यांची तुलनाच होऊ शकत नाही.

गोव्यात ही नळी कुठे सडते

नवख्या माणसाला मी एकच गोष्ट आग्रहाने सांगेन: नळी कुठे फुटली हे शोधल्यावर ती तिथेच का फुटली हेही शोधावे. कारण न शोधता बदललेली नळी पुन्हा त्याच जागी फुटते, आणि दुसऱ्या वेळी ती अंगणात फुटेलच असे नाही.

आपल्याकडे पहिले कारण गंज. मिरामार, वास्को, बाणावली अशा समुद्राजवळच्या ठिकाणी उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या खालच्या भागावर खारी हवा बाराही महिने काम करीत असते. त्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि त्यासोबत उडणारा तांबडा चिखल. हा चिखल नळीला धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या क्लिपांमध्ये घट्ट बसतो, ओलावा आणि मीठ दोन्ही धरून ठेवतो, आणि बाहेरून नळी ठीक दिसत असताना क्लिपच्या आत ती कागदासारखी पातळ होते. गाडी धुताना वरवर पाण्याचा फवारा मारला जातो, पण क्लिपमागचा चिखल जागचा हलत नाही. मी आजवर उघडलेल्या गंजक्या लाइनींपैकी बहुतेक अशाच क्लिपखाली गेलेल्या होत्या. त्यामुळे प्रत्येक क्लिप सोडवून तिच्या आतली नळी नखाने आणि तारेच्या ब्रशने तपासल्याशिवाय लाइन चांगली आहे असे मानू नये.

दुसरे कारण घासणे. क्लिप तुटली किंवा मागच्या दुरुस्तीत कोणी ती लावायचीच विसरला, तर नळी चासीच्या कडेवर किंवा इंजिनच्या ब्रॅकेटवर घासत राहते. अशा ठिकाणी नळीवर चकचकीत चपटा पट्टा दिसतो. इंजिनचे माउंटिंग बसले असेल तर इंजिन अधिक हलते आणि घासणेही वाढते. तेव्हा केवळ नळी बदलून भागत नाही, माउंटिंगही पाहावे लागते. तिसरे कारण म्हणजे होज कडक होऊन क्लिपपाशी भेगाळणे, आणि चौथे म्हणजे रेडिएटरपाशी असणाऱ्या झटपट जोडाची (नट न आवळता नळी नुसती ढकलून बसवण्याच्या जोडाची) ओ-रिंग, म्हणजे तेल धरणारे रबरी कडे, म्हातारी होणे. शेवटच्या दोन्ही दुरुस्त्या सोप्या आहेत.

गळती शोधणे

पावसाळ्यात गाडीखाली ओले दिसले म्हणून घाबरू नये. एसी चालू असेल तर त्याचे पाणी सर्व गाड्यांखाली गळते. डाग पडणाऱ्या जागी रात्री स्वच्छ पांढरा पुठ्ठा ठेवावा आणि सकाळी पाहावे. पाणी असेल तर ते वाळून जाते. कूलंट हिरवा, गुलाबी किंवा निळसर आणि बोटाला किंचित चिकट लागतो, पण तेलकट नसतो. इंजिन ऑईल काळे किंवा तपकिरी असते. गिअरबॉक्सचे तेल नवे असताना लाल असते आणि जुने होत जाईल तसे तपकिरीकडे झुकते. त्याला करपल्यासारखा वास येत असेल तर आत आधीच नुकसान सुरू झालेले असण्याची शक्यता आहे.

पुठ्ठ्यावर थेंब जिथे पडला त्याच्या बरोबर वरच गळती आहे असे समजणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. तेल नळीवरून ओघळत सर्वांत खालच्या वळणापाशी येऊन पडते, आणि चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो. म्हणून तपासताना नेहमी वर आणि पुढे जावे. प्रथम नळ्या, रेडिएटरचा खालचा भाग आणि गिअरबॉक्सचा पॅन (तळाचे तेलाचे भांडे) डिग्रीझरने स्वच्छ धुऊन कोरडे करावेत. त्यानंतर संशयित जागांवर टाल्कम पावडर भुरभुरावी, इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावे आणि ते बंद करून टॉर्चने पाहावे. पावडर जिथे सर्वांत आधी लाल झाली ती जागा गळतीची. इंजिन चालू असताना जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. पॅनचे गॅस्केट, टॉर्क कन्व्हर्टरच्या मागचे सील आणि प्रोपेलर शाफ्टपाशी (गिअरबॉक्समधून चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्यापाशी) असलेले सील यांचीही गळती दुरून कूलर लाइनसारखीच दिसते, त्यामुळे हा वेळ वाया गेला असे कधीच होत नाही.

याच वेळी रेडिएटर थंड असताना त्याचे झाकण उघडून आत पाहावे आणि गिअरबॉक्सची डिपस्टिकही बाहेर काढून पाहावी. तेल दुधाळ गुलाबी दिसत असेल तर रेडिएटरच्या आतला कूलर फुटून पाणी आणि तेल एकत्र झाले आहे. अशा वेळी लाइन दुरुस्त करून काहीही साधत नाही; गाडी चालू न करता रेडिएटर बदलणे आणि गिअरबॉक्स पूर्णपणे धुऊन घेणे भाग असते, आणि ते काम जाणत्या गॅरेजकडेच द्यावे.

कोणत्या सामानाला हात लावू नये

सामान आणण्यापूर्वी एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी चतुर्थीच्या तोंडावर माझ्या गाडीची लाइन गळू लागली. गॅरेजमध्ये गर्दी होती, आणि तिथल्या कारागिराने सडलेला भाग कापून मध्ये रेडिएटरच्या होजचा तुकडा दोन क्लिपांनी बसवून दिला. सण पार पडला. त्यानंतर पंधरवड्याने मोले ओलांडून अनमोड घाट चढत असताना तो तुकडा सुटला आणि मागच्या रस्त्यावर तेलाची लाल रेघ उमटली. होज बाहेर काढल्यावर तो आतून फुगून मऊ पडलेला होता. याचे कारण साधे आहे: पाण्यासाठी बनवलेल्या होजचे रबर बहुधा ईपीडीएम जातीचे असते, ते गरम पाणी उत्तम सोसते पण खनिज तेलात फुगते. ही चूक त्या कारागिराइतकीच माझीही होती, कारण ‘काय बसवले’ हे मी विचारलेच नव्हते.

तर होज घेताना तो ट्रान्समिशन ऑईल कूलरसाठीच आहे असे त्यावर छापलेले असावे. ‘एसएई जे १५३२’ हा त्याचा मानक क्रमांक आहे. डिझेल-पेट्रोलचा साधा होज तेलाला टिकतो पण उष्णतेला कमी पडतो, म्हणून तोही टाळावा. असा होज दुकानात मिळाला नाही, तर पोकलेन आणि टिपर यांच्यासाठी हायड्रॉलिक होज बनवून देणाऱ्या दुकानातून दोन्ही टोकांना योग्य फिटिंग क्रिम्प करून (यंत्राने दाबून बसवून) घेणे हा चांगला पर्याय आहे, आणि खाणपट्ट्यात या कामात मुरलेली माणसे आहेत. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की साधा हायड्रॉलिक होज सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तेलासाठी असतो. गिअरबॉक्सचे तेल एरवी ८० ते ९५ अंशांच्या आसपास असते, घाटात ते वर चढते, त्यामुळे दुकानदाराकडून अधिक तापमानाचा होज मागून घ्यावा आणि तो सायलेन्सरपासून दूर ठेवावा.

लोखंडी नळीच्या जागी फ्रिज आणि एसीची तांब्याची नळी बसवण्याचा सल्ला हमखास मिळतो, कारण ती सहज मिळते आणि हाताने वाकते. तो सल्ला ऐकू नये. तांबे सतत थरथरल्याने कडक होते आणि जोडापाशी तडकते. ब्रेकच्या कामाला वापरतात ती बंडी ट्यूब योग्य जाडीत मिळाली तर ती चांगली. आणि तांबे-निकेल मिश्रधातूची नळी मिळाली तर ती त्याहूनही चांगली, कारण खाऱ्या हवेत ती गंजत नाही आणि वाकवायलाही सोपी जाते. कंपनीची तयार वळवलेली लाइन परवडत असेल आणि मिळत असेल तर नवख्याने तीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिची वळणे, क्लिपांच्या जागा आणि टोके तयार असतात.

गाडी उचलण्याआधी

इंजिन बंद करून किमान तीन-चार तास जाऊ द्यावेत. नव्वद अंशांचे तेल हातावर सांडले तर ते पाण्यासारखे ओघळून जात नाही, चिकटून भाजते. गाडी काँक्रीटच्या किंवा घट्ट सपाट जमिनीवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, निवडदांडा ‘पी’वर ठेवावा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावाव्यात. जॅकने उचलल्यावर चासीखाली जॅक स्टँड द्यावेत.

इथे आपल्याकडची एक जुनी सवय सोडायला हवी. अंगणात पडलेले चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) एकावर एक रचून त्यावर गाडी टेकवणारे पुष्कळ आहेत. चिरा घराच्या भिंतीत शतकभर टिकतो, कारण तिथे भार पूर्ण पृष्ठभागावर पडतो. चासीच्या अरुंद कडेखाली, तेही पावसात भिजलेला असताना, तो काहीही सूचना न देता फुटतो. जमीन ओली असेल तर स्टँडखाली जाड फळी घालावी, नाहीतर पाय मातीत रुततात. गाडी स्टँडवर आल्यावर तिला हाताने जोराने हलवून पाहावे, आणि ती हलली नाही तरच खाली जावे. डोळ्यांवर चष्मा असावा, कारण खाली पडून वर पाहताना गंजाचा चुरा थेट डोळ्यांत येतो.

लाइन सोडवणे

सर्व जोड आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर डब्ल्यूडी-४० किंवा तत्सम तेल फवारून ठेवले तर सकाळी अर्धी मेहनत वाचते. गॅसच्या ज्योतीने नट तापवण्याचा उपाय गिअरबॉक्सच्या बाजूला कधीमधी चालून जातो. रेडिएटरपाशी तो करूच नये, तिथे टाकी प्लॅस्टिकची असते आणि आसपास तेल सांडलेले असते.

खाली रुंद घमेले ठेवावे. काम सुरू करण्यापूर्वी मोबाइलवर लाइनच्या संपूर्ण मार्गाचे फोटो काढावेत आणि कोणती नळी वरच्या जोडाला जाते व कोणती खालच्या, हे रंगीत चिकटपट्टीने खूण करून ठेवावे. नटासाठी साधा दोन तोंडांचा पाना वापरू नये. मऊ नटाच्या कडा घसरून तो गोल होतो, आणि मग कापण्याशिवाय उपाय उरत नाही. एका बाजूने चीर असलेला रिंग पाना, ज्याला फ्लेअर नट पाना म्हणतात, तो या कामासाठीच असतो.

रेडिएटरपाशी नेहमी दोन पाने लागतात. एका पान्याने रेडिएटरमधील फिटिंग घट्ट धरून ठेवायचे आणि दुसऱ्याने नळीचा नट फिरवायचा. एकच पाना लावून जोर केला, तर नटाऐवजी आतले फिटिंग फिरते, टाकीच्या आतला कूलर पिरगळला जातो, आणि मग पाणी व तेल एक होण्याचे जे संकट वर सांगितले ते आपल्याच हाताने ओढवते. नट फिरतो पण त्याबरोबर नळीही पिळली जात असेल तर थांबावे; जी नळी बदलायचीच आहे ती नटापाशी कापून टाकावी आणि नटावर खोल सॉकेट चढवावे. झटपट जोड असेल तर तारेची क्लिप बारीक हुकाने काढावी किंवा त्या जोडाची गोल प्लॅस्टिकची कळ आत ढकलून नळी सरळ ओढावी. वाकडी ओढली तर जोडाच्या आतली बैठक ओरखडते, आणि त्यानंतर कितीही नवी ओ-रिंग घातली तरी ती गळतेच.

नळी निघाल्याबरोबर उघड्या टोकांवर स्वच्छ प्लॅस्टिकची टोपी किंवा पिशवी बांधावी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील व्हॉल्व्ह अत्यंत बारीक फटींवर चालतात, आणि वाळूचा एक कण त्यांना अडवायला पुरतो.

नवी नळी बनवणे

तयार लाइन मिळाली असेल तर हा भाग सोडून पुढे जावे.

जुनी नळी हाच नमुना. तिच्या मार्गावर एक बारीक तार वाकवून लांबी मोजावी आणि थोडी जादा धरून नवी नळी कापावी. कापण्यासाठी ट्यूब कटर वापरावा, हॅक्सॉ नव्हे. करवतीचा भुगा आत जातो आणि टोकही वाकडे होते. वळणे घालताना बेंडर किंवा नळीवर चढवायची स्प्रिंग वापरावी, कारण गुडघ्यावर वाकवलेली नळी आतून चेपते आणि प्रवाह अडतो. जिथे मूळ वळण होते तिथेच नवे वळण यावे, उगीच जवळची वाट काढू नये. नट नळीवर आधी चढवावा आणि मगच टोक फ्लेअर करावे, म्हणजे नरसाळ्यासारखे पसरवावे. वाचताना हे हास्यास्पद वाटेल, परंतु पहिल्या प्रयत्नात नट विसरला नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे.

अनेक गाड्यांच्या नळ्यांना ४५ अंशांचा दुहेरी फ्लेअर असतो, म्हणजे कडा आधी आत दुमडून मग पसरवलेली असते. फ्रिजवाल्याचे हत्यार बहुधा एकेरी फ्लेअरच करते, आणि लोखंडी नळीचा एकेरी फ्लेअर कडेला चिरतो. हायड्रॉलिकच्या दुकानातील फिटिंग ३७ अंशांची असण्याची शक्यता असते. ४५ आणि ३७ एकमेकांत बसल्यासारखे वाटतात, घट्टही होतात, पण तेल धरत नाहीत. म्हणून जुने फिटिंग खिशात घालूनच दुकानात जावे.

फ्लेअरच्या जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. तो जोड आट्यांवर नव्हे तर धातूच्या पसरट कडेवर तेल धरतो, आणि टेपचे सुटलेले धागे नेमके व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. पितळेच्या कंठीवर दाबून बसणारे पाण्याच्या नळाचे जोड या लाइनसाठी नाहीत. थरथरत्या गाडीत ते हळूहळू सरकतात.

फक्त मधलाच थोडा भाग खराब असेल आणि बाकीची नळी खरोखर निरोगी असेल, तर तो भाग कापून होजने जोडण्याची दुरुस्ती मान्य आहे, पण तीन अटींवर. नळीच्या दोन्ही टोकांना फुगीर कडा काढलेली असावी, म्हणजे होज सरकणार नाही. होज नळीवर निदान अडीच-तीन सेंटिमीटर चढलेला असावा आणि क्लिप त्या फुगीर कडेच्या मागे यावी. आणि ती जागा सायलेन्सरजवळ किंवा पंख्याजवळ नसावी. भोके असलेल्या पट्टीच्या साध्या क्लिपा होजमध्ये रुतून त्याला कापतात. गुळगुळीत पट्टीच्या क्लिपा थोड्या महाग असल्या तरी त्याच घ्याव्यात. एम-सील किंवा वेल्डिंग हे उपाय इथे नाहीत. पातळ झालेल्या नळीवर वेल्डिंग मारले की भोक मोठे होते, आणि तेलाने माखलेल्या नळीजवळ ठिणगी पाडणे हा वेगळाच धोका.

बसवणे

नवी नळी बसवण्यापूर्वी तिच्यातून स्वच्छ पातळ तेल किंवा ब्रेक क्लीनर सोडून हवेने कोरडी करावी. प्रत्येक नट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवावा. हाताने फिरत नसेल तर तो तिरका बसत आहे. पान्याने जबरदस्ती केल्यास आटे उडतात आणि रेडिएटरच बदलावा लागतो. सर्व टोके हाताने लागल्यावर, नळी जागच्या जागी ताण न येता बसते आहे हे पाहून, मग दोन पान्यांनी घट्ट करावी. किती घट्ट, याचे आकडे त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात. ओ-रिंग नवी असावी आणि तिला गिअरबॉक्सचेच तेल लावून बसवावे. कोरडी ओ-रिंग ढकलताना चिरते.

क्लिपा विसरू नयेत. जुन्या क्लिपा गंजल्या असतील तर नव्या घ्याव्यात आणि नळी व क्लिप यांच्यामध्ये होजचा उभा चिरलेला छोटा तुकडा घालावा. माझा स्वतःचा प्रघात असा की नळी बसवण्याआधी क्लिपखाली येणाऱ्या जागांवर गंजरोधक रंगाचे दोन हात देतो आणि पावसाळा संपल्यावर दरवर्षी क्लिपा सोडवून चिखल काढतो. अर्ध्या तासाचे काम आहे. नळी कुठेही चासीला टेकत नाही आणि सायलेन्सरपासून निदान चार बोटे दूर आहे, हे टॉर्च लावून पाहावे. गिअरबॉक्सकडून चासीकडे जाणाऱ्या होजमध्ये किंचित ढिलाई असावी, कारण गाडी गिअरमध्ये टाकली की इंजिन एका बाजूला झुकते.

तेल भरणे आणि चाचणी

गळलेल्या आणि घमेल्यात पडलेल्या तेलाइतके नवे तेल भरावे लागते. पण लाल दिसणारे प्रत्येक तेल सारखे नसते. डेक्सरॉन-३, मर्कॉन-५, टोयोटाचे डब्ल्यूएस, मित्सुबिशीचे एसपी-३ ही सगळी वेगवेगळ्या घर्षणगुणांची तेले आहेत. डिपस्टिकवर किंवा मालकाच्या पुस्तिकेत जे नाव लिहिले असेल तेच घ्यावे. दुकानदाराने ‘सगळ्याला चालते’ म्हणून दिलेला डबा नम्रपणे परत करावा.

प्रथम अंदाजे तेल भरावे, गाडी स्टँडवरून खाली सपाट जमिनीवर घ्यावी आणि इंजिन सुरू करावे. ब्रेक दाबून ठेवून निवडदांडा प्रत्येक स्थानावर दोन-तीन सेकंद थांबवत फिरवावा, म्हणजे नवी नळी आणि कूलर तेलाने भरतात. त्यामुळे पातळी खाली जाते व आणखी तेल घालावे लागते. बहुतेक गाड्यांत पातळी इंजिन चालू असताना, तेल गरम झाल्यावर आणि ‘पी’मध्ये पाहतात, काहींत ‘एन’मध्ये पाहतात, आणि काही गाड्यांना डिपस्टिकच नसते, तिथे ठरावीक तापमानाला पॅनचे बूच उघडून पातळी ठरवावी लागते. हे शेवटचे काम घरी करण्याचा हट्ट धरू नये. तेल एका वेळी पाव लिटरच घालावे, कारण जास्त झालेले तेल गिअरांनी घुसळून फेसाळते, आणि फेसाळलेले तेल गिअरबॉक्सला कमी तेलाइतकेच वाईट.

इंजिन चालू असताना बाहेर उभे राहून टॉर्चने जोड पाहावेत. सर्व कोरडे असेल तर घराजवळच चार-पाच किलोमीटर गाडी फिरवून आणावी, तेल तापू द्यावे, इंजिन बंद करून पुन्हा पाहावे आणि रात्री पुठ्ठा पुन्हा तिथेच ठेवावा. गिअर बदलताना गाडी झटका देत असेल, किंवा इंजिनचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल, तर गाडी पुढे चालवू नये. ओढून न्यायची वेळ आली तर मागची चाके रस्त्यावर फिरत ओढू नये, कारण इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे फिरतात. गाडी ट्रेलरवर चढवावी किंवा प्रोपेलर शाफ्ट सोडवून घ्यावा. चारही चाकांना गिअर असलेल्या गाडीला ट्रेलरच बरा.

होजच्या क्लिपा शंभरेक किलोमीटरनंतर एकदा पुन्हा आवळाव्या लागतात, कारण नवे रबर उष्णतेने थोडे बसते. चोर्ला किंवा अनमोडच्या बाजूला जाण्याचा बेत असेल तर ही आवळणी झाल्यावरच निघावे.

घमेल्यातले जुने तेल झाकणाच्या डब्यात भरून ठेवावे. सन २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांखाली वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते, आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. आपल्यापुरते सांगायचे तर जे गॅरेज आपले जुने तेल अशा पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना देते त्याच्याकडे डबा पोचता करावा. माडाच्या आळ्यात किंवा ओहोळाच्या काठी तेल ओतले, तर पावसाच्या पाण्याबरोबर ते विहिरीत किंवा शेतात उतरते. पुसायला वापरलेल्या चिंध्या ढीग करून घरात ठेवू नयेत, त्याही त्याच डब्याबरोबर द्याव्यात.